झीन वाचतं कोण?

माझ्या पहिल्या झीनला १२० रुपये खर्च आला. ए-फोर कागद, एकाच बाजूला छपाई, झेरॉक्सचे प्रतीमागे दोन रुपये, ६० प्रती. कागद तीनदा दुमडून आठ चौकोन पाडायचे, मधल्या घडीवर मधल्या दोन चौकोनांपुरती कात्रीनं चीर द्यायची आणि मग दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलत दुमडायचं. तळहाताएवढी आठ पानांची वही तयार होते. पिन लागत नाही, डिंक लागत नाही. पहिल्या दहा प्रती दुमडायला मला पाऊण तास लागला, शेवटच्या दहा टीव्ही बघता बघता झाल्या.

झीनचं नाव ‘ऑन-कॉल’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि दर पाचव्या आठवड्याला आमच्या टीममध्ये माझी ऑन-कॉलची पाळी येते. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की फोन मला येतो, मग दिवस असो की रात्र. रात्री पावणेतीनला अलर्टचा भोंगा वाजल्यावर पहिल्या अर्ध्या तासात माणसाचं काय होतं, हे मी आठ पानांत काढलं होतं. चित्रं मला येत नाहीत, त्यामुळे माणसं काड्यांची आणि सर्व्हर डब्यांचे. पाचव्या पानावर, सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत मी काय काय केलं त्याची यादी होती: चहा केला, चहा विसरले, आईचं स्टेटस बघितलं, चहा पुन्हा गरम केला.

झीनशी माझी ओळख या धंद्यातच झाली. जूलिया इव्हान्स नावाची एक प्रोग्रामर ‘एस-ट्रेस’सारख्या रुक्ष टूलवर हातानं काढलेली, कॉमिकसारखी झीनं करते. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला जे कळलं नव्हतं ते त्यातल्या एका पानावर कळलं, तेव्हा वाटलं, असं आपणही करू. मग कळलं की पुण्यातही झीनवाली मंडळी आहेत आणि एका रविवारी ती सगळी एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर जमणार आहेत. मीही माझ्या ६० वह्या घेऊन गेले.

दिवस मजेत गेला. लोक टेबलापाशी येत, पानं फर्रकन उलटत आणि म्हणत, ‘किती क्यूट!’ आयटीतलं कुणी असेल तर ‘सो रिलेटेबल!’ मीही दुसऱ्यांच्या टेबलांवर जाऊन हेच म्हणाले. संध्याकाळी माझ्या ४१ प्रती गेल्या होत्या आणि पिशवीत १७ झीनं आली होती, काही अदलाबदलीत, काही विकत. ती पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली. महिनाभर ती तिथंच होती. मी त्यातलं एकही झीन वाचलं नव्हतं आणि माझं कुणी वाचलंय अशी काही खूण माझ्यापर्यंत आली नव्हती. इन्स्टाग्रामवर नऊ जणांनी माझ्या झीनचा फोटो टाकला होता. सगळ्यांनी मुखपृष्ठाचाच.

हा लेख त्या पिशवीबद्दल आहे. झीनविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्यात करण्याचा फार गौरव असतो: कुणीही करू शकतं, कुणाची परवानगी लागत नाही, संपादक नाही, प्रकाशक नाही. हे सगळं खरं आहे आणि मला तेच आवडलं होतं. पण केलेलं कुणी वाचायचं, वाचून काय करायचं, याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही. ‘क्यूट आहे’ ही आमची समीक्षा. आमच्या ऑफिसात दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुणाचाही कोड पुढे जात नाही आणि कंटाळलेला तपासणारा न वाचताच चार अक्षरं ठोकून मोकळा होतो: एलजीटीएम, म्हणजे ‘मला तरी ठीक दिसतंय’. झीनच्या टेबलांवर दिवसभर आम्ही एकमेकांना एलजीटीएम देत होतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. झीनचा उगम शोधायला गेलं की बहुतेक जण १९३० सालच्या ‘द कॉमेट’पाशी पोचतात. शिकागोतल्या विज्ञानकथाप्रेमींच्या एका पत्रव्यवहार मंडळाचं ते पत्रक. मूळ मंडळाच्या नावातच पत्रव्यवहार आहे, हे लक्षात घ्या. ‘फॅनझीन’ हा शब्द आला पुढे १९४० मध्ये, रस शोव्हनेनं बनवला. त्यातला ‘फॅन’ गळून ‘झीन’ उरलं. या विज्ञानकथावाल्यांच्या अंकांवर किमतीच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘द यूज्वल’ असं छापलेलं असे, म्हणजे ‘नेहमीचंच’. नेहमीचं काय, तर तुमचं झीन पाठवा, किंवा काही मजकूर द्या, किंवा आधीचा अंक वाचून अभिप्रायाचं पत्र लिहा, आणि यातलं काहीच जमत नसेल तर थोडे पैसे पाठवा. वाचून लिहिलेलं पत्र हे तिथलं चलन होतं! पत्र आलं नाही तर पुढचा अंक बंद.

याच मंडळींनी १९३७ मध्ये आणखी पुढची व्यवस्था केली. डोनल्ड वोलहाइमच्या पुढाकारानं ‘फापा’ नावाचा एक संघ निघाला. प्रत्येक सभासदानं आपापली पानं छापून सगळ्यांना पुरतील इतक्या प्रती एकाकडे पाठवायच्या, त्यानं त्यांचे गठ्ठे करून ज्याचा त्याला परत पाठवायचा. वर्षाकाठी ठरलेली पानं दिली नाहीत तर सभासदत्व जायचं. या पानांत हळूहळू एक प्रकारच रूढ झाला: मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाच्या लेखनावर टिप्पणी. कधी कधी सभासदाची सगळी पानं टिप्पण्यांचीच असत. मला हे वाचून आधी हसू आलं, कारण आपले व्हॉट्सॅप ग्रुप याहून फार वेगळे नाहीत. फरक इतकाच, की त्यांना उत्तर द्यायला तीन महिने मिळायचे आणि ते स्टेन्सिल कापून द्यावं लागायचं.

पंकवाल्यांचं प्रकरण निराळं, तिथं घाई होती. मार्क पेरी हा लंडनमधला एकोणीस वर्षांचा बँकेतला कारकून. त्यानं जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन् ग्लू’ काढलं; पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या आसपास. वर्षभरात बारा अंक काढून, खप हजारोंत गेलेला असताना त्यानं ते बंद केलं. चालू असतानाच तो वाचकांना सांगत होता की माझंच काय वाचत बसता, स्वतःचं काढा. आज हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखं झालंय. गिटारवरच्या तीन कॉर्ड दाखवून वाचकाला बँड काढायला सांगणारं ते प्रसिद्ध चित्र लोक त्याच्याच नावावर खपवतात, प्रत्यक्षात ते ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्या झीनमधलं. पण पेरीचा अंक मुळात होता कशाबद्दल? दुसऱ्यांच्या गाण्यांबद्दल. कुठला बँड चांगला वाजवतो, कुठला ढोंगी आहे, कुणी मोठ्या कंपनीशी करार करून माती खाल्ली. म्हणजे ‘स्वतःचं काढा’ असं सांगणारा हा माणूस आधी कडवा श्रोता होता. आम्ही त्याचं अर्धंच घेतलं.

एवढ्या लांब कशाला जायचं, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे अनियतकालिकं होतीच. झीन म्हणजे अनियतकालिकच की! मीही हे टेबलावर दोनतीनदा ऐकलं, आणि सांगणाऱ्यांच्या आवाजात वारसा मिळाल्याचा आनंद होता. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढलं. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाल्यांचं ‘येरू’, औरंगाबादहून नेमाड्यांचं ‘वाचा’. सायक्लोस्टाइल म्हणजे टाइपरायटरची फीत काढून नुसत्या खिळ्यांनी मेणकागदावर अक्षरं कापायची, तो कागद शाईच्या रुळावर गुंडाळायचा आणि हँडल फिरवायचं. गंमत म्हणजे आज झीनवाल्यांत ज्या रिसोग्राफची चलती आहे, त्याचं आतलं तत्त्व हेच: छिद्रं पाडलेला मास्टर, फिरता ड्रम, एका वेळी एक रंग. शाळा-ऑफिसांना शेकड्यानं प्रती स्वस्तात मिळाव्यात म्हणून निघालेलं हे जपानी यंत्र. शंभरच प्रती काढल्या तर मास्टरचा खर्च अंगावर येतो, कागदही भारीचा हवा, म्हणून त्या कॅफेत रिसोवरच्या झीनची किंमत साडेचारशे रुपये होती. तक्रार नाही, रंग फार सुंदर लागतात. पण सायक्लोस्टाइलचा वारसा सांगताना किंमतही सांगावी.

मला या वारशातलं जे भिडतं ते वेगळं आहे. ही माणसं भयंकर वाचणारी होती आणि वाचलेल्याला तोंडावर उत्तर देणारी होती. शहाण्यांनी १९६३ मध्ये ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ टाकला. लेखकाचा लेखकराव का होतो हा नेमाड्यांचा प्रश्न ‘वाचा’त छापून आला. ‘सत्यकथे’वर राजा ढाल्यांनी लिहिलं, पुढे तिची होळीही झाली. एखादं मासिक जाळावंसं वाटण्याइतकं ते कुणाला महत्त्वाचं वाटत होतं, याचा मला आज हेवा वाटतो. (जाळण्याचा नाही. आमच्या टेबलांवर अग्निशामक यंत्र नव्हतं.) त्या भांडणांत विखार होता, कंपू होते, हिशेब चुकते करणं होतं. आणि त्या सगळ्या नामावळीत बाईचं नाव दिवा घेऊन शोधावं लागतं. ज्या चळवळीनं प्रस्थापितांचा एकेक बुरुज पाडला, तिला स्वतःच्या खोलीत कोण नाही हे दिसलं नाही. मला तिथं खुर्ची मिळाली नसती. त्यामुळे मी हा वारसा मिरवत नाही, त्यातली एक सवय तेवढी उसनी मागते.

अमेरिकेत १९९१ च्या सुमाराला ऑलिम्पिया या गावाभोवती ‘रायट गर्ल’ म्हणून जी लाट उठली, तिनं हा हिशेब उलटा केला. पंकच्या पुरुषी गर्दीला कंटाळलेल्या मुलींनी ‘बिकिनी किल’सारखी झीनं काढून बलात्कार, शरीर, राग याबद्दल लिहिलं. आमच्यातल्या मुलींना ही परंपरा जवळची वाटते, मलाही. पण तिथंही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. १९९७ मध्ये मिमी थी न्यूयेन हिनं ‘एव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट’ हे संकलन काढलं. पंक आणि रायट गर्लमधल्या गोरेपणाबद्दल, त्याच जगात वावरणाऱ्या बिगरगोऱ्या मुलामुलींनी लिहिलेलं. म्हणजे तुमच्या झीनमध्ये आम्ही नाही, हे सांगायला झीनच काढलं. माझ्या दृष्टीनं झीनच्या इतिहासातले खरे टप्पे हे आहेत. आपल्याकडेही अनियतकालिकांच्या गोटात वावरलेल्या ढाले-ढसाळांनी पुढे १९७२ मध्ये जे काही सुरू केलं, त्यात ‘तुमच्या बंडात आम्ही कुठे’ हा प्रश्न नव्हता असं म्हणता येणार नाही.

हे सगळं वाचल्यावर मी खिळ्यावरची पिशवी काढली आणि १७ झीनं वाचायला बसले. वाचायला बसणं म्हणजे खरंच बसून. एका संध्याकाळी सगळी झाली.

त्या १७ मध्ये मराठी दोन होती. उरलेली सगळी इंग्रजी, आणि ती करणारी बरीच मंडळी माझ्याशी मराठीतच बोलली होती. साडेचारशे रुपयांचं झीन पावसाळ्यात शहरातल्या भिंतींवर उगवणाऱ्या शेवाळाबद्दल होतं. हिरवा आणि गुलाबी अशा दोनच रंगांत इतका ओलावा आणलाय की पान पुसावंसं वाटतं. पण चित्राखाली दोन-दोन ओळी लिहिल्या आहेत त्या चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगतात. दुसरं एका मुलीनं पीसीओएसबद्दल हातानं लिहिलेलं. त्याचं चौथं पान मी विसरू शकत नाही: वेगवेगळ्या डॉक्टरांनी तिला सांगितलेली वाक्यं एकाखाली एक, बाकी काही नाही. ‘लग्न झालं की होईल नीट’ हे त्यात तीनदा येतं. आणि मग शेवटच्या दोन पानांवर ती तू जशी आहेस तशी छान आहेस, वगैरेवर येते. इतकं धारदार लिहिणारीला शेवटी कुणाची समजूत काढावीशी वाटली? माझी काढायची गरज नव्हती. मी चांगली खवळले होते, तिनं मला तसंच सोडायला हवं होतं.

सगळ्यांत आवडलं ते दुसरं मराठी झीन. पुण्याहून परभणीच्या एसटी प्रवासांच्या नोंदी, प्रत्येक पानावर एक तिकीट चिकटवून झेरॉक्स केलेलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण थांब्यावर मिळणारी भजी, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं खांद्यावर टाकलेली मान, हे सगळं असं लिहिलंय की मी दोनदा वाचलं. आई पानोपानी आहे. वडील फक्त स्टँडवर दिसतात, दर वेळी हातात बॅग घेऊन, आणि एकदाही बोलत नाहीत. हे मुद्दाम आहे की त्याच्या लक्षातच आलं नाही, ते मला विचारायचं होतं. झीनवर पत्ता नव्हता, इन्स्टाग्रामचं नाव होतं. मी दोन पानांचं पत्र लिहून, त्याचा फोटो काढून पाठवला. त्यात आवडलेलंही लिहिलं आणि वडिलांबद्दलही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्याला राग आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजात माझ्या भाषेला हसले, ऑफिसात इंग्रजीला हसतात, ही एक जागा होती जिथं कुणी मार्क देत नाही, तर तू इथंही लाल पेन घेऊन आलीस.

या उत्तरानं मला बरेच दिवस छळलं, कारण ते बरोबर आहे. ज्यांना आयुष्यभर तपासलं गेलंय त्यांना न तपासणारी जागा हवी असते. मुंबईत ‘बॉम्बे अंडरग्राउंड’ची मंडळी वर्षानुवर्षं झीनं करतायत, झीन फेस्ट भरवतायत, धारावीतल्या मुलांबरोबर चित्रं काढतायत. तिथं एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला मी रचनेतले दोष सांगायला गेले तर मला हाकललंच पाहिजे. ‘क्यूट आहे’ म्हणणारे सगळे आळशी नसतात, काही जण खरोखर सांभाळून घेत असतात.

तरीही मला वाटतं त्याची एका ठिकाणी गल्लत होतेय. मार्क देणं वेगळं आणि उत्तर देणं वेगळं. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, इंजिनिअरिंगच्या नोट्सनी शिकवलंय. सांगलीकडच्या आमच्या कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्सच्या एका हस्तलिखित नोट्स होत्या. कुणी लिहिल्या माहीत नाही, पहिल्या पानावर नाव नव्हतं, ‘गणपती बाप्पा मोरया’ होतं. आम्हाला मिळाली ती झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं काळ्या पट्ट्यात गेलेली. त्यात एव्हीएल ट्रीचं एक रोटेशन चुकीचं काढलं होतं. त्यावर कुणीतरी फुली मारून शेजारी दुसरं काढलं होतं. त्याखाली तिसऱ्या हातानं लिहिलं होतं, ‘पहिलंच बरोबर, सरांना विचारलंय.’ आणि त्याखाली चौथ्या: ‘सर चुकले.’ मी पास झाले ती त्या चौथ्या हातामुळे. महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं झीन कुठलं म्हणाल तर मी या नोट्सचं नाव घेईन, फक्त त्यांना नाव नाही. तिथं कुणी कुणाला मार्क देत नव्हतं. ते काम विद्यापीठ करत होतंच. तिथं प्रत्येक जण पुढच्यासाठी पान जरा सुधारून ठेवत होता आणि झेरॉक्सवाला विचारायचा, ‘नवी एडिशन काढायची का जुनीच?’

हे मी त्या मुलाला लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

दरम्यान माझ्या झीनलाही एक चौथा हात लागला. उरलेल्या १९ प्रतींतल्या तीन मी ऑफिसच्या पँट्रीत ठेवल्या होत्या. एका रात्री उशिरा निघाले तर दोन नंबरच्या गेटवरचे गार्ड काका पुढे आले आणि खिशातून घडी घातलेली वही काढून म्हणाले, ‘मॅडम, हे तुमचंच ना? मागं नाव बघितलं.’ लातूरकडचे आहेत, पन्नाशीचे, रात्रपाळीला असतात. ‘वाचलं. थोडं लिवलंय आत. राग नका मानू.’

कॅबमध्ये बसून उघडलं. तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की पावणेतीन वाजता सगळं शहर झोपलेलं असतं, जागे फक्त मी आणि सर्व्हर. त्यातल्या ‘फक्त मी’खाली निळ्या बॉलपेननं रेघ होती आणि समासात लिहिलं होतं: ‘गेट नं. २’. पाचव्या पानावर, चहाच्या यादीशेजारी: ‘इथं मशीन रात्री बंद असते.’ सातव्या पानावर मी सकाळी दहाच्या मीटिंगला डोळे चोळत बसल्याचं चित्र होतं, त्यावर काही नव्हतं. आणि शेवटच्या पानावर, माझ्या नावाखाली: ‘याचे वेगळे पैसे देतात का?’

देतात. ऑन-कॉलच्या आठवड्याचे मला पाच हजार रुपये जादा मिळतात. माझ्या अख्ख्या झीनमध्ये ही गोष्ट कुठंही नव्हती. मी लपवली असं नाही, मला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. झोप, एकटेपणा, कंपनीचं घड्याळ यांबद्दल लिहिताना ती आड आली असती. परभणीच्या मुलाला वडिलांबद्दल विचारणारी मी!

दुसऱ्या दिवशी गेटवर थांबले. त्यांना म्हणाले, ‘काका, देतात थोडे.’ ते म्हणाले, ‘किती?’ मी साडेतीन हजार म्हणाले. का कमी सांगितलं, ते मला अजून धड कळलेलं नाही. त्यांनी मान हलवली. आपल्या बारा तासांच्या ड्यूटीबद्दल, एजन्सीकडून पगार किती तारखेला येतो त्याबद्दल ते शांतपणे बोलले. तक्रारीचा सूर नव्हता, माहिती देत होते, जणू माझ्या पुढच्या अंकाला लागेल म्हणून. मी विचारलं, ‘हे छापू का?’ ते म्हणाले, ‘नाव नका टाकू. गेट नंबर टाका.’ आणि मग, ‘दुसरा कधी येणारे?’

दुसऱ्या अंकाची जुळणी झाली आहे. पहिल्यासारखा तो सबंध माझा नाही. डावीकडच्या पानांवर माझी रात्र, उजवीकडे दोन नंबर गेटची, त्यांनी सांगितली तशी, त्यांच्या शब्दांत. पाचव्या पानावर पाच हजारांचा आकडा आहे. हा अंक पहिल्याहून बरा आहे का, मला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या रात्री आपल्या झीनमध्ये घेणं हीसुद्धा एक प्रकारची उचल आहे आणि कुणीतरी ते मला सुनवावं, म्हणून या वेळी मागच्या पानावर इन्स्टाग्रामचं नाव न टाकता घरचा पत्ता टाकलाय. किंमतीच्या जागी लिहिलंय ‘नेहमीचंच’ आणि खाली बारीक अक्षरांत त्याचा अर्थ.

छापण्याआधी काकांना दाखवायचं होतं. साडेतीनचे पाच हजार झालेले त्यांनी माझ्यासमोर वाचायला हवे होते. पण गेल्या महिन्यात त्यांची ड्यूटी दुसऱ्या साइटवर लागली. गेटवरच्या नव्या मुलानं त्यांचा नंबर मिळवून द्यायचं कबूल केलंय. मी दोनदा विचारून झालंय. झेरॉक्सवाला म्हणतो, शनिवारी गर्दी असते, शुक्रवारी या.